पुसलेला वक्ता : शोधयंत्राचं उत्तर आणि शब्दप्रमाण

गेल्या दोन व्याख्यानांत आपण प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन प्रमाणं पाहिली. आज शब्दप्रमाण यायला हवं आणि ते येणारच आहे. फक्त मी गौतमापासून सुरुवात न करता तुमच्या हातातल्या फोनपासून करणार आहे. या मालिकेच्या श्रोत्यांत काही जण स्वतःच्या वेबसाइट चालवतात. कुणी किल्ल्यांवर लिहितं, कुणी शेतीवर, एक गृहस्थ जुन्या नाण्यांवर लिहितात. त्यांच्याकडून फिरून फिरून एकच प्रश्न येतो : "सर, आमचं लिहिलेलं लोकांपर्यंत पोचतं, पण लोक आमच्यापर्यंत येत नाहीत. मग आता लिहायचं कसं?" हा प्रश्न वरवर धंद्याचा आहे. माझ्या मते तो ज्ञानमीमांसेचा आहे, आणि त्याला मिळणारी धंद्याची उत्तरं म्हणूनच अपुरी पडतात.

आधी घडलं काय ते पाहू. गूगल १९९८ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याचा वेबसाइटवाल्यांशी एक न लिहिलेला करार होता. तुझं पान मला वाचू दे, मी तुझ्याकडे वाचक पाठवतो. 'इथे यंत्राने येऊ नये' असं सांगणारी रोबॉट्स-टेक्स्ट नावाची छोटी फाइल वेबसाइटवर ठेवायची पद्धत त्याच्याही आधीची, १९९४ सालची. तो कायदा नव्हता, शिष्टाचार होता. दारावर 'कृपया पादत्राणे बाहेर काढा' लिहितो तसा. पण करार बरीच वर्षं टिकला, कारण दोघांचंही त्यात भलं होतं.

पुढे तो हळूहळू सैल होत गेला. २०१२ मध्ये निकालांच्या शेजारी माहितीची चौकट आली. २०१४ च्या सुमारास कुणाच्या तरी पानातला परिच्छेद उचलून निकालांच्या वर दाखवणं सुरू झालं. आणि मे २०२४ मध्ये अमेरिकेत, ऑगस्टमध्ये भारतात, 'एआय ओव्हरव्ह्यू' आलं. इथे परिच्छेद उचललेला नसतो. अनेक पानं वाचून यंत्र स्वतःच्या वाक्यांत उत्तर रचतं, आणि बाजूला बारीक दुवे ठेवतं. त्यापुढचा 'एआय मोड' हा संभाषणासारखा प्रकार २०२५ च्या अखेरीपासून मराठीतही आला आहे. म्हणजे हा विषय आता आपल्या घरातला झाला.

परिणाम किती? अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने मार्च २०२५ मधल्या ९०० प्रौढांच्या ब्राउझिंगचा अभ्यास केला. शोधाच्या पानावर एआयचा सारांश असेल, तर खालच्या नेहमीच्या दुव्यावर क्लिक होण्याचं प्रमाण ८ टक्के. सारांश नसेल तर १५ टक्के. आणि सारांशाच्या आत जे दुवे दिलेले असतात त्यांवर? १ टक्का. हा १ टक्का लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे. गूगलला हा अभ्यास मान्य नाही. त्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये निवेदन काढलं की वेबसाइटकडे जाणारे एकूण क्लिक साधारण स्थिर आहेत आणि आता येणारे क्लिक अधिक दर्जेदार आहेत. आकडे मात्र त्या निवेदनात नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विकिमीडिया फाउंडेशनने सांगितलं की विकिपीडियावर माणसांकडून होणारं वाचन आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी कमी झालं. विकिपीडिया जाहिरातींवर जगत नाही, त्यामुळे तिला धंद्याची तक्रार करायचं कारण नाही. तिची काळजी वेगळीच होती. वाचक येतच नसतील तर त्यांतून उद्याचे संपादक कुठून येणार? मला ही काळजी सगळ्यांत खरी वाटते.

आता एक जुनी गोष्ट सांगतो, एआयच्या आधीची. प्रसिद्ध लोकांची संपत्ती किती याचे अंदाज देणारी 'सेलिब्रिटी नेट वर्थ' नावाची एक अमेरिकन वेबसाइट आहे. विषय उथळ आहे, मान्य. पण तिथे माणसं बसून घरांच्या किमती, करारांच्या बातम्या, मानधनं जुळवून अंदाज काढत होती. २०१४ मध्ये गूगलने त्यांच्याकडे तो सगळा साठा मागितला, संस्थापकाने नाही म्हटलं. २०१६ मध्ये त्यांच्या पंचवीस हजार नावांची उत्तरं गूगलच्या पानावर वरच दिसू लागली. संस्थापकाच्या सांगण्याप्रमाणे वर्षभरात त्यांचे वाचक ६५ टक्क्यांनी घटले. मग त्याने एक गंमत केली. आपल्या यादीत काही मित्रांची नावं खोट्या संपत्तीसह घुसवली. काही दिवसांत तीही माणसं गूगलच्या उत्तरात श्रीमंत झाली!

अशा सापळ्यांची परंपरा जुनी आहे. गीतांचे शब्द देणाऱ्या 'जीनियस' या वेबसाइटने आपल्या पानांवरच्या अपॉस्ट्रॉफी, म्हणजे तो वरचा स्वल्पविराम, कधी सरळ तर कधी वाकडा अशा क्रमाने ठेवला की मोर्स लिपीत वाचलं तर 'रंगेहाथ' या अर्थाचे शब्द निघावेत. गूगलच्या चौकटीतल्या शब्दांत तोच क्रम सापडला. गूगल म्हणालं, आम्ही हे परवानाधारक दुसऱ्या कंपनीकडून घेतलं. २०१९ मध्ये दावा झाला, पुढच्या वर्षी फेटाळला गेला, आणि अपिलांतही टिकला नाही. कारण साधं होतं : गाण्याचा हक्क गीतकाराचा. ऐकून, तपासून, बरोबर शब्द उतरवणाऱ्याच्या मेहनतीला त्या कायद्यात जागाच नव्हती.

आणि याहून जुनं म्हणजे १९९१ चं, फाइस्ट विरुद्ध रूरल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे भांडण टेलिफोन डिरेक्टरीचं. रूरल कंपनीने आपल्या यादीत मुद्दाम काही खोटी नावं घातली होती, त्यांतली चार फाइस्टच्या डिरेक्टरीत जशीच्या तशी छापून आली. चोरी सिद्ध झाली म्हणाल? न्यायालय म्हणालं, नक्कल केली हे खरं, पण नाव आणि नंबर ही तथ्यं आहेत, तथ्यांवर कुणाची मालकी नसते, आणि केवळ घाम गाळला म्हणून हक्क मिळत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात केवळ श्रम आणि खर्च पुरेसे नाहीत, कौशल्य आणि विवेक दिसला पाहिजे, अशी भूमिका घेतली.

मी या निकालांच्या बाजूचा आहे, हे स्पष्ट सांगतो. तथ्यांवर मालकी बसवली तर उद्या पंचांगवाला एकादशीवर रॉयल्टी मागेल. पण या निकालांनी एक प्रश्न मोकळा सोडला, कारण तो न्यायालयाचा नव्हताच. तथ्य कुणाच्या मालकीचं नसतं, ठीक. पण तथ्य 'मिळवलेलं' असतं. कुणीतरी गेलं, पाहिलं, मोजलं, विचारलं, चुकलं, परत गेलं. ते मिळवणं थांबलं तर मालकी नसलेल्या तथ्यांचा साठाही वाढायचा थांबतो. आतापर्यंत या मिळवण्याचा मोबदला कायद्यातून येत नव्हता, वाचकाच्या येण्यातून येत होता. पैसे तरी मिळत, नाहीतर नाव, नाहीतर नुसतं समाधान, की सोलापूरचा एकजण माझं पान वाचून मला दुरुस्ती कळवतो आहे. उत्तराची चौकट घेते ती ही गोष्ट.

इथे शब्दप्रमाण येतं. न्यायसूत्रांत गौतमाने शब्द हे प्रमाण मानताना अट घातली ती आप्ताची. ते वचन आप्ताचं असलं पाहिजे. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. वात्स्यायनाने भाष्यात आप्ताची लक्षणं सांगितली आहेत. त्याला ती वस्तू साक्षात ठाऊक हवी, जशी पाहिली तशी सांगण्याची त्याला इच्छा हवी, आणि त्या इच्छेने तो प्रवृत्त झालेला हवा. आणि मग वात्स्यायन जे म्हणतो ते त्या काळात धाडसाचं होतं. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. आप्तपणा जन्मातून येत नाही, पदवीतूनही येत नाही. पाहण्यातून आणि सांगण्याच्या प्रामाणिकपणातून येतो.

उदाहरण घेऊ. पावसाच्या तोंडावर पेण, पनवेल, ठाणे, वसईच्या बाजारांत शेवळं येतात. सुरणाच्या कुळातली रानभाजी. नुसती शिजवून खाल्ली तर घशाला अशी खाज सुटते की विचारू नका. म्हणून विकणाऱ्या आदिवासी बाया शेवळांसोबत काकडं देतात. काकडी नव्हे, काकडं, रानातली हिरवी आंबट फळं. ती नसतील तर चिंच किंवा कोकम तरी पाहिजे. आता जुडी विकणाऱ्या त्या बाईला विचारलंत तर ती आप्त आहे, वात्स्यायनाच्या कसोटीला पूर्ण उतरते. तिने केलंय, खाल्लंय, आणि तुम्ही पुढच्या आठवड्यात परत याल म्हणून खरं सांगायची तिला गरजही आहे. तिचं ऐकून कुणी मुलीने ते आपल्या ब्लॉगवर लिहिलं, 'आईने अमुक केलं, एकदा काकडं कमी पडली तेव्हा काय झालं' असं. तीही आप्त. आता यंत्राचं उत्तर घ्या. समजा ते बरोबर आहे, काकडांचा उल्लेखही त्यात आहे. तरी प्रश्न उरतो. हे सांगतंय कोण? यंत्राचा घसा कधी खाजला नाही. जसं पाहिलं तसं सांगण्याची इच्छाही त्याला नाही, कारण पाहणंच नाही.

कुणी म्हणेल, सर, विश्वकोशालाही तोंड नसतं. असतं! मराठी विश्वकोश उघडा, नोंदीच्या शेवटी लेखकाचं नाव आहे. पटलं नाही तर त्या नावाशी भांडता येतं. केतकरांना ज्ञानकोश काढण्यासाठी कंपनी उभारावी लागली, गावोगाव फिरावं लागलं, आणि मग त्यातल्या मतांसाठी शिव्याही त्यांनाच खाव्या लागल्या. विकिपीडियात प्रत्येक पानामागे बदलांचा इतिहास असतो, त्यात टोपणनावांनी का होईना माणसं असतात आणि ती एकमेकांशी भांडत असतात. भांडण्याजोगा कुणीतरी असणं, ही शब्दप्रमाणाची फार महत्त्वाची सोय आहे.

याच्या विरुद्ध टोकाला आपल्याकडे मीमांसक उभे आहेत. ते म्हणतात, वचनाला दोष येतो तो बोलणाऱ्यामुळे. माणूस चुकतो, खोटं बोलतो, फसवतो. म्हणून ज्या वचनाला कर्ताच नाही ते निर्दोष. वेद अपौरुषेय आहे, म्हणून प्रमाण. तुम्हाला हे पटो न पटो, युक्तिवाद बांधेसूद आहे. आणि मला असं दिसतं की शोधयंत्राच्या उत्तराकडे लोक नेमके मीमांसकांच्या नजरेने पाहताहेत! 'अमक्याने सांगितलं' म्हटलं तर आपण विचारतो, त्याचा स्वार्थ काय? 'गूगलने सांगितलं' म्हटलं की तो प्रश्न गळून पडतो. तिथे कुणी माणूस नाही, म्हणून तिथे लबाडी नाही. पण मीमांसकांच्या वेदाला कर्ता मुळातच नव्हता, असा त्यांचा दावा होता. या उत्तराला तर हजार कर्ते आहेत. त्यांची नावं पुसली आहेत, एवढंच. म्हणजे दोष सगळे माणसांचेच आत राहिले, आणि दोष शोधायची वाट तेवढी बंद झाली. मघाचा तो १ टक्का आठवा. दुवे दिलेले असतात हो, पण शंभरात एकदाच कुणी तिकडे जातं. ज्या तळटीपेकडे कुणी पाहत नाही ती तळटीप वाचकासाठी नसते. ती छापणाऱ्याच्या बचावासाठी असते.

मे २०२४ मध्ये जे हसं झालं ते तुम्हाला आठवत असेल. पिझ्झ्यावरून चीज घसरतं, काय करू, असं विचारल्यावर उत्तर आलं की सॉसमध्ये थोडा बिनविषारी गोंद मिसळा. रोज एक छोटा दगड खावा, असंही एक उत्तर होतं. गोंदाचा सल्ला रेडिटवरच्या अकरा वर्षं जुन्या थट्टेतून आलेला, दगडांचा 'द अनियन' या विडंबनपत्रातून. लोक हसले, कंपनीने दुरुस्त्या केल्या, विषय संपला. पण समीक्षकाने इथे थांबायला पाहिजे. चूक माहितीची नव्हती. वाक्य जसंच्या तसं मिळालं होतं, हरवली होती ती विवक्षा, बोलणाऱ्याला काय म्हणायचं होतं ती गोष्ट. आपल्याकडचं जुनं उदाहरण आहे ना, 'सैंधव आण'. सैंधव म्हणजे मीठही आणि सिंधदेशीचा घोडाही. जेवताना म्हटलं तर मीठ आणायचं, प्रवासाला निघताना म्हटलं तर घोडा. प्रसंगाशिवाय तात्पर्य कळत नाही. रेडिटच्या त्या पानावर मूळ थट्टा वाचणाऱ्या कुणालाही ती थट्टा वाटली असती, कारण वर-खाली तशीच टवाळी चालली होती. वेबपान हा प्रसंग असतो. यंत्र त्या प्रसंगातून वाक्य सोलून काढतं. म्हणून पान न उघडण्यात वेबसाइटचं नुकसान होतं ते वेगळं, वाचकाच्या हातून तात्पर्य निसटतं ते वेगळं. गोंद लगेच ओळखू येतो. एखाद्या औषधाबद्दलचं 'आमच्या घरी तरी चाललं बुवा' हे वाक्य 'चालतं' होऊन आलं तर ते कोण ओळखणार?

आता माझ्या प्रश्नकर्त्यांना जे सल्ले मिळतात त्यांच्याकडे वळतो. सल्ल्यांचा हा धंदा दणक्यात चालू आहे. पूर्वी शोधयंत्राला आवडेल असं लिहायचं, त्याला एसईओ म्हणत. आता उत्तरयंत्राला उचलावंसं वाटेल असं लिहायचं. उत्तर पहिल्या दोन ओळींत द्या, मथळे प्रश्नांच्या रूपात ठेवा, प्रत्येक परिच्छेद सुटा उचलता येईल असा करा. या सल्ल्यांमागे अभ्यासही आहे. प्रिन्स्टन, आयआयटी दिल्ली वगैरे ठिकाणच्या संशोधकांनी २०२३ मध्ये एक निबंध मांडला. त्यात त्यांना आढळलं की मजकुरात आकडेवारी, अवतरणं आणि संदर्भ घातले तर यंत्राच्या उत्तरात त्या मजकुराची दृश्यता ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकते, आणि शब्द कोंबण्याच्या जुन्या युक्तीचा उपयोग होत नाही. संशोधक म्हणून त्यांनी जे आढळलं ते मांडलं, त्यांच्यावर माझा राग नाही. पण त्या निष्कर्षाचं सल्ल्यात रूपांतर झालं की काय होतं ते बघा.

मागच्या व्याख्यानात आपण धूर आणि अग्नी पाहिला. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे आग आहे. आकडा, अवतरण, संदर्भ हे मजकुरातले धूर आहेत. कुणीतरी मेहनत केली, मोजलं, मूळ ग्रंथ पाहिला, म्हणून तो धूर निघाला, असं आपण अनुमान करतो. आता सल्ला असा की धूर काढा. आगीबद्दल सल्लागार काही बोलत नाही. यंत्राला धूर दिसतो, ते उचलतं, आणि वाचकाला सांगतं की तिथे आग आहे. नैयायिकांनी धुक्याला धूर समजण्याची चूक चर्चिली होती. धूर विकत घेऊन डोंगरावर सोडणारा सल्लागार त्यांच्या कल्पनेत आला नसावा. (हशा)

आणि याचा लिहिण्यावर होणारा परिणाम मी वाचतो आहे. एका श्रोत्याने त्याच्या एका किल्ल्यावरच्या लेखाची जुनी आणि नवी आवृत्ती दाखवायला पाठवली. जुन्या आवृत्तीत वाट चुकल्याचं होतं, पाण्याचं टाकं कोरडं निघाल्याचं होतं, एका गुराख्याने दाखवलेली आडवाट होती. नव्या आवृत्तीत 'किल्ल्याची उंची किती?', 'जाण्याची उत्तम वेळ कोणती?', 'प्रवेशशुल्क आहे का?' अशी नऊ प्रश्नोत्तरं. त्याने स्वतःच्या लेखातला स्वतःला काढून टाकलं होतं. म्हणजे यंत्राचं काम त्याने आधीच करून ठेवलं, आणि तेही फुकट. उंची सगळीकडे आहे. कोरडं टाकं फक्त त्याच्याकडे होतं.

या लोकांचे शब्दही पाहा. वाचकांना म्हणायचं 'ट्रॅफिक', आणि भाषांतरवाले भाबडेपणाने लिहितात 'संकेतस्थळावरील रहदारी'. लेखनाला म्हणायचं 'कन्टेन्ट', डब्यात भरायची वस्तू. रहदारी मोजता येते, वाचकाशी बोलावं लागतं. वर्षानुवर्षं आपणच रहदारी मोजत बसलो आणि आता रहदारी दुसऱ्या रस्त्याने गेली म्हणून रडतो आहोत, असाही एक भाग यात आहे.

हा भाग जरा विस्ताराने सांगितला पाहिजे, कारण गूगलला शिव्या घालणं सोपं आहे. वाचकाला चौकटीतलं उत्तर आवडलं, याला आपण वेबसाइटवाल्यांनीही हातभार लावला. साध्या वरणाची कृती शोधायला जा. आधी बालपण, मग आजी, मग पाऊस, मधे चार जाहिराती, एक उडी मारणारी खिडकी, 'सूचना सुरू करा?', आणि मग मीठ चवीनुसार. अमेरिकेत डिमांड मीडिया नावाची कंपनी लोक काय शोधतात ते पाहून त्या त्या प्रश्नावर घाऊक लेख पाडत असे. जानेवारी २०११ मध्ये ती शेअर बाजारात उतरली आणि पुढच्याच महिन्यात गूगलने अशा मजकुराला खाली ढकलणारा बदल केला. उलट हाउसफ्रेश ही हवा शुद्ध करणारी यंत्रं स्वतः चाचणी करून तपासणारी छोटी वेबसाइट. तिने फेब्रुवारी २०२४ मध्ये, म्हणजे एआय ओव्हरव्ह्यू येण्याआधीच, लिहिलं की मोठ्या प्रकाशन कंपन्या नुसत्या नावाच्या जोरावर निकालांत आमच्या वर बसतात. तेव्हा एआयच्या आधी सगळं न्याय्य होतं आणि मग राक्षस आला, ही कथा खरी नाही. ज्याने पाहिलं आणि ज्याने नुसतं लिहिलं यांतला फरक शोधयंत्राला आधीही नीट कळत नव्हता. पण तेव्हा वाचक पानावर तरी पोचायचा आणि स्वतःच्या डोळ्यांनी तो फरक करायचा. आता निवडही यंत्राची आणि वाचनही यंत्राचं.

शिवाय ज्याला टाइप करता येत नाही, जो फोनमध्ये बोलून विचारतो, त्याला मराठीत बोलून उत्तर मिळतं, ही मोठी गोष्ट आहे. ती मी नाकारत नाही. माझी शंका पुढची आहे. मराठीत वेबवर लिहिलेलं मुळात थोडं. जे आहे त्यातलं बरंचसं पगार न घेता, हौसेने लिहिलेलं. मराठी प्रश्नाला मराठी स्रोत सापडला नाही की यंत्र इंग्रजीतून उत्तर आणून मराठीत उभं करणार, आणि ते वाचायला झकास असणार. शेवळांच्या जागी सुरणाच्या कुळाबद्दलची सर्वसाधारण माहिती येईल, शुद्ध मराठीत. काकडं त्यात नसतील, कारण ती इंग्रजीत फारशी कुणी लिहिलेली नाहीत. आणि मराठीत ज्या मुलीने लिहिली असती तिने दोन वर्षं कुणी येत नाही म्हणून लिहिणं सोडलेलं असेल.

उपाय काय काय निघाले आहेत? दार लावून घ्या, हा एक. क्लाउडफ्लेअर या कंपनीने जुलै २०२५ पासून नव्या ग्राहकांच्या वेबसाइटवर एआयच्या यंत्रांना मुळातच अडवायला सुरुवात केली आणि 'वाचायचं तर पैसे द्या' अशी सोयही आणली. पण गूगलची गोम इथे आहे. शोधासाठी पानं वाचणारं त्यांचं यंत्र आणि उत्तराच्या चौकटीसाठी वाचणारं यंत्र एकच. मॉडेलच्या प्रशिक्षणातून बाहेर राहण्याची वेगळी खूण त्यांनी २०२३ मध्ये दिली, पण ती या चौकटीला लागू नाही. चौकटीतून बाहेर पडायचं तर आपल्या पानाचा कुठलाच उतारा दाखवू नका असं सांगावं लागतं, आणि मग साध्या निकालांतही तुमचं वर्णन नाहीसं होतं. म्हणजे नकार देण्याचा अधिकार आहे, फक्त तो वापरला की तुम्ही अदृश्य. याला कुणी संमती म्हणत असेल तर त्याने संमतीची व्याख्या करून दाखवावी. युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२५ मध्ये गूगलविरुद्ध याच अंगाने चौकशी सुरू केली आहे.

दुसरा उपाय करारांचा आणि कोर्टाचा. न्यूज कॉर्पसारखे मोठे समूह पैसे घेऊन करार करतात, काही जण दावे लावतात. आपल्याकडे एएनआयने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. या वाटेवर नाण्यांवर लिहिणाऱ्या आमच्या गृहस्थांना जागा नाही. त्यांच्याशी करार करायला कुणी येणार नाही आणि वकील त्यांना परवडणार नाही.

तिसरा, केंद्राच्या उद्योग विभागाने डिसेंबर २०२५ मध्ये मांडलेल्या कार्यपत्रिकेतला. एआयच्या प्रशिक्षणासाठी सक्तीचा सामूहिक परवाना, कंपन्यांनी रॉयल्टी भरायची, एका मध्यवर्ती संस्थेने ती वाटायची. लेखकाला नाही म्हणता येणार नाही, पैसे मात्र मिळतील. यात छोट्या लेखकाचा निदान विचार आहे, म्हणून मी याची थट्टा करणार नाही. पण वाटप कशावर होणार? आणि समजा वर्षाकाठी त्या मुलीच्या खात्यात काही रुपये जमा झाले, तरी सोलापूरहून दुरुस्ती कळवणारा तो वाचक त्यातून परत येत नाही. तो तिच्या लेखनाचा परीक्षक होता. 'आमच्याकडे काकडं मिळत नाहीत, बोंडारा घालतात, तुम्ही करून पाहा' असं कळवणारं कुणी नसेल तर पुढचा लेख पहिल्यापेक्षा बरा होत नाही.

म्हणून "कसं लिहायचं?" याला माझं उत्तर सल्लागारांच्या नेमकं उलट जातं, आणि त्याने वाचक वाढतील असं वचन मी देत नाही. सर्वसाधारण माहिती सोडून द्या. किल्ल्याची उंची, नाण्याचं वजन, हे यंत्राला देऊन टाका, ते त्याचं काम बरं करतं. तुम्ही कुठे उभे होता ते लिहा. कुणी सांगितलं त्याचं नाव, त्याची परवानगी घेऊन, लिहा. किती वेळा करून पाहिलं, कधी फसलं, कशाची खात्री नाही, तेही लिहा. पानावर तारीख घाला, दुरुस्ती केलीत तर कुणाच्या पत्रावरून केलीत ते नोंदवा. वाचकाला कळवायला पत्ता द्या आणि आलेल्या पत्राला उत्तर द्या. नाण्यांच्या गृहस्थांनी गेल्या महिन्यापासून असं केलंय : शोधयंत्राकडे बघणं बंद करून त्यांनी ज्या साठ-सत्तर लोकांनी आजवर पत्रं लिहिली त्यांना दर पंधरवड्याला ईमेलने एक टिपण पाठवायला सुरुवात केली. पहिल्याच टिपणाला अकरा उत्तरं आली, त्यांतल्या दोघांनी त्यांनी दिलेल्या टांकसाळीच्या खुणेवर हरकत घेतली आहे. सध्या ते त्या हरकती तपासताहेत.

पुढच्या वेळी आपण उपमान घेऊ. प्रश्न असतील तर आता विचारा.